सापांची मिरवणूक काढणारे गाव

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुम्ही सगळे दिवसभर राबून आला आहात. कुणी शेतातून आला, कुणी भाकऱ्या थापून, पोरांना निजवून आली. तेव्हा आम्ही लांबण लावणार नाही. आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज एका गावाची हकीगत ऐका. हे गाव आपल्या तालुक्यातले नाही, जिल्ह्यातले नाही, आपल्या देशातलेही नाही. ते आहे दूर इटली देशात. पण ऐकून झाल्यावर तुम्हीच म्हणाल, "मास्तर, हे तर आपल्यासारखंच झालं की!"

इटलीचे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले ते पुस्तकात नव्हे, घरच्या ओट्यावर. आमचे थोरले चुलते मराठा पलटणीत शिपाई होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत गेली. तिथे अब्रुत्सो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्या मुलखात सांग्रो नावाची नदी आहे. १९४३ च्या नोव्हेंबरात पाऊस आणि चिखल तुडवीत हिंदी फौजा त्या नदीकाठी लढल्या. पुढे त्याच इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या आपल्या दोन मराठा जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नामदेवराव परत आले. यशवंतराव तिकडेच पडले.

आबांना सही येत नव्हती. घरी पत्र धाडायचे तर दुसऱ्या शिपायाची मनधरणी करावी लागे. पण त्यांचे डोळे उघडे होते. ते आम्हांला सांगत, "अरे, तिथंपण देव खांद्यावर घेतात आणि गावभर मिरवतात. म्हाताऱ्या डोईवर फडकी बांधून मागनं चालतात. आपल्यासारखंच." आम्हां पोरांना ते खरे वाटत नसे. गोऱ्या लोकांचा देव खांद्यावर कशाला बसेल, असे आम्ही म्हणत असू.

पुढे आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो. त्या मुलखाविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता कोकुल्लो हे गाव सापडले. आम्ही तिथे कधी गेलेलो नाही. पण वाचता येते, म्हणून जाऊन आल्यासारखे झाले. वाचनाचा हा एक मोठा फायदा. त्याला तिकीट लागत नाही.

तर आता चला कोकुल्लोला.

रोम ही इटलीची राजधानी. तिथून पूर्वेला निघाले की डोंगर लागतात. त्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर कोकुल्लो वसलेले आहे. दगडी घरे, अरुंद चढणीचे बोळ, मधे छोटा चौक, आणि चर्च. थंडीत बर्फ पडते. पूर्वी इथली माणसे थोडी शेती करीत आणि मेंढरे पाळीत. त्या मुलखातले मेंढपाळ हिवाळा आला की कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या सपाट रानात उतरत आणि उन्हाळ्यात परत डोंगर चढत. आपले धनगर कोकणात उतरतात आणि परत घाटावर येतात, तसेच.

आज या गावात दोनशेच्या आसपास माणसे राहतात. आपल्या एका वाडीएवढी. शंभर वर्षांपूर्वी याच्या कितीतरी पट वस्ती होती. मग माणसे गेली कुठे? पोट भरायला गेली. कुणी रोमला गेले, कुणी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले. अब्रुत्सोची कितीतरी तरणी माणसे बेल्जियम देशातल्या कोळशाच्या खाणींत उतरली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मार्सिनेल या गावच्या खाणीत आग लागली. २६२ माणसे मेली. त्यांत १३६ इटलीची होती, आणि त्यांतली पुष्कळ या अब्रुत्सो मुलखातली. गाव सोडून गेलेल्या माणसाची किंमत काय असते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आपल्यापैकी कुणाचा भाऊ मुंबईत आहे, कुणाचा मुलगा सुरतेला आहे.

अशा रिकाम्या होत चाललेल्या गावाला एकत्र बांधून ठेवते कोण? त्याचे सणवार.

त्या मुलखातल्या गावांचे वर्ष कसे जाते ते थोडक्यात सांगतो. लोक ख्रिस्ती आहेत, रोमच्या पोपना मानणारे. आपल्या वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती बांधव यातले पुष्कळ सण पाळतात. १७ जानेवारीला संत अंतोनीचा दिवस. हा संत गुराढोरांचा राखणदार. त्या दिवशी गावोगावी लाकडांची मोठी होळी पेटवतात आणि जनावरांना चर्चपुढे आणून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. आपला बैलपोळा डोळ्यांपुढे आणा. मग येतो राखेचा बुधवार. धर्मगुरू लोकांना राख लावतात आणि आठवण देतात की, बाबा, तू मातीचा आहेस. तिथून ईस्टरपर्यंत ४० दिवस व्रताचे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी ऑलिव्हच्या झाडाच्या डहाळ्या चर्चमध्ये नेतात आणि घरी आणून भिंतीला लावतात. आपण दसऱ्याला आपट्याची पाने घरी आणतो तशी.

ईस्टरचा सोहळा बघावा तर शेजारच्या सुल्मोना शहरात. येशूला क्रुसावर मारले. त्याची आई काळे वस्त्र पांघरून घरात बसली आहे. ईस्टरच्या सकाळी चौकाच्या एका टोकाला येशूची मूर्ती उभी करतात. दुसऱ्या टोकाकडून आईची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसे हळूहळू येतात. मधे आल्यावर आईला मुलगा दिसतो. जिवंत! त्या क्षणी खांदेकरी धावत सुटतात. आईच्या अंगावरचे काळे वस्त्र गळून पडते, आतून हिरवे वस्त्र दिसते, कबुतरे आकाशात उडतात. बघणारी माणसे रडतात. मूर्ती लाकडाची आहे हे सगळ्यांना माहीत असते. तरी रडतात. कारण आई खरी असते, प्रत्येकाच्या घरातली.

१५ ऑगस्टला मरियामातेचा मोठा सण. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांचा दिवस. त्या दिवशी लोक कबरींवर शेवंतीची फुले वाहतात. आपण पितर घालतो, तसेच समजा. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस, नव्या द्राक्षरसाचा. आणि वर्षाच्या शेवटी नाताळ. त्या वेळी मेंढपाळ कातड्याच्या पिशवीचे वाद्य वाजवीत डोंगरातून खाली येत.

हे झाले सगळ्यांचे सण. आता कोकुल्लोचा स्वतःचा सण ऐका. तो आहे सापांचा.

सुमारे हजार वर्षांपूर्वी त्या भागात दोमेनिको नावाचे एक साधू फिरत होते. त्यांचा जन्म फोलिन्यो या गावी, सन ९५१ च्या सुमारास. त्यांनी डोंगरादऱ्यांत मठ बांधले. सोरा या गावी २२ जानेवारी १०३१ रोजी त्यांनी देह ठेवला. लोक त्यांना संत मानतात. त्यांच्या पुष्कळ कथा आहेत. एका कथेत लांडग्याने एका बाईचे तान्हे मूल पळवले. संतांनी लांडग्याला हुकूम केला आणि त्याने मूल आणून दिले. कोकुल्लोचे लोक सांगतात की, आमच्या गावातून जाताना संतांनी आपला एक दात आणि आपल्या खेचराचा नाल आम्हांला दिला. हा दात आणि हा नाल ते आजही जपून ठेवतात.

दातदुखी, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा आणि सापाचा दंश या तिन्हींपासून हे संत राखतात, अशी त्या लोकांची श्रद्धा. चर्चमध्ये एक घंटा आहे. तिची दोरी हाताने नाही ओढायची. दातात धरून ओढायची. म्हणजे वर्षभर दात दुखत नाही, असे म्हणतात. चर्चमधल्या एका कोनाड्यामागची माती लोक पुडीत बांधून नेतात आणि शेतात, घराभोवती टाकतात. साप येऊ नये म्हणून. लांबलांबच्या गावांहून पायी यात्रेकरू येत. दर्शन झाले की संतांकडे पाठ करायची नाही म्हणून उलट पावलांनी बाहेर पडत. आपणही देवळातून निघताना दोन पावले मागे सरतोच ना?

पण सापांचा आणि त्या मुलखाचा संबंध संतांच्याही आधीचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मार्सी नावाचे लोक राहत. त्यांची अंजीत्सिया नावाची देवी होती. ती सापांवर सत्ता चालवणारी. मार्सी लोक साप वश करतात आणि विष उतरवतात, अशी त्यांची रोमभर ख्याती होती. व्हर्जिल हा रोमचा मोठा कवी. त्याने आपल्या काव्यात अशा एका मार्सी मांत्रिकाची गोष्ट सांगितली आहे. तो मंत्राने सापांना झोपवी, दंश बरा करी. पण लढाईत त्याला भाला लागला. त्या जखमेवर त्याचा एकही मंत्र चालला नाही. हे लक्षात ठेवा. याच्याकडे आपण परत येऊ.

आता सण कसा होतो ते पाहू.

मार्चच्या मध्यावर बर्फ वितळते. जमिनीखाली झोपलेले साप उन्हाला बाहेर येतात. मग गावातले सापवाले रानात जातात. त्यांना तिकडे सेर्पारी म्हणतात. हे काही आपल्या गारुड्यांसारखे धंदेवाले नव्हेत. साधी गावकरी माणसे. कुणी नोकरी करतो, कुणी शेती. बापाने मुलाला शिकवलेली ही विद्या. आता मुलीसुद्धा शिकतात. दगडांच्या जुन्या बांधाजवळ, उन्हाच्या उतारावर ते चाहूल न देता चालतात. साप दिसला की प्रथम ओळखतात. ओळखल्याशिवाय हात घालत नाहीत. कारण त्या डोंगरात विषारी सापही आहे, आपल्या घोणशीच्या कुळातला. त्याला कुणी हात लावीत नाही.

पकडतात ते बिनविषारी. त्यांतला मुख्य चेर्वोने. हा अंगाने मोठा, स्वभावाने शांत. पाठीवर डोक्यापासून शेपटीकडे चार काळसर रेघा. उंदीर खातो. दुसरा एक तपकिरी, सडपातळ. प्राचीन ग्रीक लोकांचा वैद्यांचा देव हातात साप गुंडाळलेली काठी घेऊन असे. त्या देवाचे नाव या सापाला दिले आहे. तिसरा काळा, चपळ आणि रागीट; हा चावतो, पण विष नाही. चौथा पाण्याकाठचा, त्याला पकडले की मेल्याचे सोंग घेतो. बघा, आम्ही न गेलेल्या देशातले चार साप आम्हांला सांगता आले. आपल्या बांधावरचे चार साप आपल्यापैकी किती जण सांगतील?

पकडलेले साप घरी जपून ठेवतात. पूर्वी मातीच्या मडक्यांत ठेवीत, आता पेट्यांत ठेवतात. सण पूर्वी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होई. आता १ मे रोजी होतो. तो दिवस तिकडे कामगार दिनाच्या सुट्टीचा. बाहेरगावी गेलेल्यांना येता यावे, हे सोयीचे. आपण महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करतो, त्याच दिवशी तिकडे कोकुल्लोचा चौक माणसांनी भरून जातो. दोनशे माणसांच्या गावात हजारो माणसे. मुंबईहून चाकरमानी गणपतीला येतात, तशी तिथे रोमहून आणि परदेशातून गावची माणसे येतात. बंद घरांची दारे उघडतात.

सकाळपासून चौकात सापवाले उभे असतात. गळ्यात साप, हातात साप. आठ-दहा वर्षांची पोरे साप हातावर खेळवतात. पाहुण्यांना म्हणतात, "घाबरू नका, हळू धरा, मान दाबू नका." चर्चमध्ये उपासना होते. दुपारी बाराच्या सुमारास संतांची मूर्ती खांद्यांवर बाहेर येते. एकदम गलका होतो. मग सापवाले पुढे होतात आणि एकेक साप मूर्तीच्या अंगावर ठेवतात. साप मूर्तीच्या गळ्याभोवती, डोक्याभोवती, हातांभोवती वेढे घालतात. साप कुठे वळले यावरून वर्ष कसे जाईल याचा अंदाज जुनी माणसे बांधतात. पुढे बँड, मागे मूर्ती. जुन्या पेहरावातल्या दोन मुली डोक्यावर टोपल्या घेऊन चालतात. टोपल्यांत कड्याच्या आकाराचे गोड पाव असतात. निशाण धरणाऱ्याला आणि संतांचा दात व नाल वाहणाऱ्याला हे पाव मानाचे म्हणून मिळतात. आपल्या जत्रेत मानकऱ्याला नारळ मिळतो तसे. अशी मिरवणूक गावच्या बोळांतून फिरते आणि परत चर्चमध्ये येते.

आणि मग? सापांचे काय करतात?

इथे आमची हकीगत खरी सुरू होते. सण झाला की प्रत्येक साप जिथून आणला तिथेच नेऊन सोडतात. तोच बांध, तोच उतार. मधल्या काळात आणखी एक काम होते. सणाच्या वेळी प्राण्यांचे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ गावात येतात. सापवाले आपापले साप त्यांच्याकडे नेतात. साप मोजतात, तोलतात, नर की मादी ते पाहतात, रोग आहे का ते तपासतात. कुणी कुठे पकडला ते वहीत लिहितात. पुष्कळ सापांच्या कातडीखाली तांदळाएवढी खूण बसवतात. पुढच्या वर्षी तोच साप परत सापडला तर कळते की तो जगला, वाढला.

हे का करावे लागले? इटलीत आता रानातले साप पकडण्याला कायद्याची बंदी आहे. साप कमी होत चालले, म्हणून. मग कोकुल्लोचा सण बंदच पडायचा. गावकरी सरकारशी भांडत बसले असते. "आमची हजार वर्षांची चाल आहे, तुम्ही कोण सांगणारे?" असे म्हणता आले असते. पण त्यांनी शास्त्रज्ञांना गावात घेतले. आपले साप त्यांना मोजू दिले. सरकार त्यांना या सणापुरती खास परवानगी देते. ज्या संतांकडे लोक सापांपासून वाचव म्हणून येत, त्यांच्याच सणात आता सापाला वाचवण्याचे काम होते. सण तोच राहिला, मूर्ती तीच राहिली, आणि अर्थ वाढला.

इथे तुम्हांला बत्तीस शिराळ्याची आठवण आली असेल. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नागपंचमीला जिवंत नाग पुजण्याची जुनी चाल होती. गोरखनाथांच्या कथेशी ती जोडलेली. १९७२ साली वन्य जिवांच्या रक्षणाचा कायदा झाला, पुढे न्यायालयाचे हुकूम झाले आणि जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. पुष्कळांची मने दुखली. दुखणारच. पण एक फरक ध्यानात घ्या. कोकुल्लोच्या मिरवणुकीतला साप बिनविषारी. आपला नाग जहरी. तेव्हा तिकडे पोरे साप खेळवतात म्हणून आपण खेळवायचा नाही. कोकुल्लोकडून सापाला हात लावायला शिकायचे नाही. सापाला ओळखायला शिकायचे.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते सांगायला जड जाते. पण सांगितले नाही तर हे भाषण खोटे ठरेल.

आम्ही एका खेड्यात मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. त्याची आई अजून आहे. श्रावणाचा महिना. मुलगा बापाबरोबर रात्री रानातून येत होता. पायाला काहीतरी चावले. त्याला देवळात आणून निजवले. मांत्रिक आला. कडुलिंबाचे डहाळे आले. ढोल सुरू झाला. आम्हांला बोलावणे आले, आम्ही गेलो. मुलगा आमच्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, डोळे मिटतायत." तालुक्याचा दवाखाना १८ किलोमीटरवर होता. गावात एक जीप होती. आम्हांला ठाऊक होते की दवाखान्यात इंजेक्शन असते. आम्ही शाळेत तो धडा शिकवला होता. पण देवळात सगळे गाव जमलेले. मास्तर देवाच्या आड आला, असे कोण म्हणवून घेणार? आम्ही म्हटले, थोडे थांबून बघू. आम्ही गप्प बसलो.

पहाटे मुलगा गेला.

दुसऱ्या दिवशी चिडलेल्या माणसांनी काठ्या घेतल्या आणि बांध न् बांध हुडकून सात साप मारले. आम्ही जाऊन पाहिले. त्यांत पाच धामणी होत्या. धामणीला विष नसते. ती शेतकऱ्याची राखणदार, उंदीर खाणारी. ज्याने चावा घेतला तो त्या सातांत नव्हताच, असे आम्हांला आजही वाटते. त्या वर्षी उंदरांनी कणग्या पोखरल्या. म्हणजे मुलगाही गेला आणि धान्यही गेले.

त्या रात्री आम्हां सगळ्यांची चूक कुठे झाली? देवळात नेले ही चूक नव्हे. आईने देवाला हात जोडले, ते जोडणारच. चूक ही की, हात जोडून आम्ही थांबलो. आणि दुसऱ्या दिवशी काठी उचलली तीही त्याच कारणाने. आम्हांला सापाची भीती होती आणि ओळख नव्हती. भीती असते तिथे माणूस एक तर पाया पडतो, नाहीतर जीव घेतो. तिसरी वाट ओळखीची. कोकुल्लोच्या माणसांनी ती वाट धरली. आमची शिकलेल्या माणसाची चूक सगळ्यांत मोठी. आम्हांला वाचता येत होते, आणि आम्ही बोललो नाही.

आठवतो ना तो मार्सी मांत्रिक? भाल्याच्या जखमेवर त्याचा मंत्र चालला नाही. घोणशीच्या विषावरही कुणाचा चालत नाही. बिनविषारी साप चावला असेल तर माणूस जगतो आणि मांत्रिकाचे नाव होते, एवढेच. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा तज्ज्ञांनी अभ्यास करून हिशेब मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आपल्यासारखी. कोकुल्लोचा माणूसही आज संतांना नवस बोलतो, दोरी दातात धरून घंटा वाजवतो. पण विषारी साप चावला तर तो दवाखाना गाठतो. त्यात त्याला संतांचा अपमान वाटत नाही. श्रद्धा आणि इंजेक्शन यांचे भांडण नाही, बंधूंनो. भांडण आपण लावतो.

म्हणून चार गोष्टी सांगतो. नीट ऐका.

पहिली. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप ओळखायला शिका: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पुढच्या वर्गात त्यांची चित्रे लावू.

दुसरी. साप दिसला तर मारू नका आणि धरूही नका. लांब व्हा. गावात साप पकडणारा जाणकार असेल त्याला बोलवा.

तिसरी. रात्री रानात जाताना हातात बॅटरी आणि पायात जोडा हवा. जमिनीवर निजू नका. निजावेच लागले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली दाबा.

चौथी. दंश झालाच तर माणसाला धीर द्या, त्याला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. थेट दवाखान्यात न्या. विष उतरवणारे औषध सरकारी दवाखान्यात असते. देवाचे नाव वाटेत घ्या. गाडीत बसूनही ते घेता येते.

आता शेवटचे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे कोकुल्लोची मिरवणूक निघाली नाही. चौक ओस पडला. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा निघू लागली आहे. दोनशे माणसांचे ते गाव आहे. उद्या आणखी लहान होईल, की पोरे परत येतील, कोण जाणे. पण जोवर एखादा बाप आपल्या मुलीला बांधाजवळ नेऊन "हा चेर्वोने, याला घाबरू नको, तो दुसरा, त्याला हात लावू नको," असे सांगतो आहे, तोवर ते गाव जिवंत आहे. सण म्हणजे तरी काय? वडीलधाऱ्यांनी पोरांना दिलेली ओळखच ती. देवाची ओळख, मातीची ओळख, मुक्या जिवाची ओळख.

आमच्या आबांना पत्र लिहिता येत नव्हते. तुम्हांला आता आकडे आणि अक्षरे लिहिता येतात. मग एक काम करा. आज घरी गेल्यावर खडू घ्या. दाराच्या आतल्या बाजूला, लहान पोरांनाही दिसेल असा, मोठ्या अक्षरांत एक आकडा लिहा: १०८. हा सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर आहे. त्याच्या खाली आपल्या हाताने लिहा: "साप चावला तर दवाखाना." शुद्धलेखन चुकले तरी चालेल. आम्ही गुण कापणार नाही.

त्या रात्री देवळाच्या भिंतीवर एवढे कुणी लिहिलेले असते, आणि आम्ही ते मोठ्याने वाचले असते, तर तो मुलगा आज या वर्गात आपल्या पोराला घेऊन बसला असता.